चार-दहाची तृप्ती

माझा नवरा रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एका परक्या बाईच्या पोटानं तृप्त व्हायचा, आणि हे औषध त्याला डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं.

बहिणीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. तुम्हालाही हसू येत असेल तर येऊ दे. मला मात्र सहा महिन्यांत एकदाही आलं नाही.

उमेश फाउंड्रीतली पहिली पाळी संपवून तीनला घरी यायचा. हातपाय धुवायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचा. चारला कानामागच्या टिकलीवर बोट फिरवून ती नीट चिकटलीय ना ते बघायचा. चार-दहाला त्याचे डोळे मिटायचे, खांदे खाली यायचे आणि चेहरा असा निवायचा की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघू नये, असं मला वाटायचं. पण बघायची. सात-आठ मिनिटांनी डोळे उघडून तो म्हणायचा, "आलं बघ. आज निवांत खाल्लंय तिनं."

जिचं नाव-गाव ठाऊक नाही, तिच्यासाठी हा शर्ट बदलायचा. बावीस वर्षांत माझ्यासमोर जेवायला बसताना त्यानं बाही कधी सारखी केली नव्हती. (समोर मी त्याला अहो-जाहोच करते. लिहिताना अरे-तुरे येतंय, ते रागामुळं असेल.)

मी वृषाली साळोखे. मंगळवार पेठेत घरीच लाडू करून विकते. डिंकाचे, रव्याचे, मेथीचे करते, पण नाव आहे ते बेसनाच्या लाडवाचं. माझी गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. एक देसाई वहिनी, त्यांना पंधरा दिवसांतून एकदा मोठा डबा लागतो. दुसऱ्या इरावती कारेकर, वाचनालयात ग्रंथपाल आहेत. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, एकट्या राहतात. दर शनिवारी सकाळी येऊन मोजून सात बेसनाचे लाडू नेतात. "रोज एक," त्या म्हणतात, "पण बसून खाते हं." मला वाटायचं, वेळ जात नसेल बिचारीचा.

आता उमेशचं सांगते. त्यानं पंचवीस वर्षं सिगरेट ओढली. छातीत कळ आली, स्टेंट बसला, आणि दवाखान्यातून घरी येताना त्यानं पाकीट रस्त्यातल्या कचरापेटीत टाकलं. पुन्हा हात लावला नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले. आठवड्याभरात तो गोड मागायला लागला.

डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं होतं. निकोटीन भूक मारतं, शरीराची शेगडी जरा मोठी ठेवतं आणि मेंदूला दिवसातून वीस वेळा शाबासकी देतं. सिगरेट सुटली की भूक वाढते, शेगडी बारीक होते आणि मेंदू शाबासकीसाठी हट्ट धरतो. सगळ्यांत झटपट शाबासकी साखरेची. त्यामुळं सिगरेट सोडणाऱ्याचं वजन चार-पाच किलोनं वाढणं नवलाचं नाही. उमेशचं चार महिन्यांत अकरा किलोनं वाढलं, कारण त्याच्या घरात लाडवांचा कारखाना होता आणि कारखान्याची मालकीण त्याला नाही म्हणत नव्हती.

खरं सांगते, ते चार महिने मला फार आवडले. हा माणूस कधी माझ्या मागं मागं फिरला नव्हता. आता दिवसातून पाच वेळा स्वयंपाकघरात यायचा आणि माझ्या खांद्यावरून परातीत डोकवायचा. "एकच दे की," म्हणायचा. मी द्यायची. सिगरेटपेक्षा लाडू बरा, असं स्वतःला सांगायची. मग रक्तातली साखर दोनशे चाळीसवर गेली आणि डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "स्टेंटवर एवढी साखर म्हणजे सिगरेट सोडून उपयोग काय?"

त्यांनीच टिकली लिहून दिली. कानामागं चिकटवायचं टिकलीएवढं यंत्र ते. सरकारी नाव तृप्तिवाहक, पण कोल्हापुरात तसं कुणी म्हणत नाही. पोटापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक मज्जातंतू जातो, व्हेगस म्हणतात त्याला. पोट भरलं, जिवाला बरं वाटलं, ही बातमी तो वर पोचवतो. त्याची एक बारीक फांदी कानापाशी येते. तिथं विजेचे अगदी हलके ठोके दिले, तर न खाताही मेंदूला ती बातमी मिळते. सुरुवातीला हे ठोके यंत्रानंच तयार करून बघितले. चार दिवसांत मेंदू ओळखायचा, की हे तेच तेच आहे, आणि तलफ पुन्हा डोकं वर काढायची. जिवंत माणसाचं समाधान मात्र रोज थोडं निराळं असतं, त्याला मेंदू कंटाळत नाही. म्हणून दाते नेमले. दाता ठरलेल्या वेळी बसून खातो, त्याच्या कानामागची टिकली ठोके टिपते आणि त्याच क्षणी ते रुग्णाच्या टिकलीत उमटतात. चव येत नाही, वास येत नाही. फक्त 'झालं, भरून पावलो' एवढंच येतं.

नियम दोन होते. दाता परका असेल तर दोघांनी एकमेकांना ओळखायचं नाही (बाई की पुरुष एवढंच सांगतात), ओळख पटली की केंद्र जोडी मोडतं. आणि दात्याकडून सलग सात दिवस नीट ठोके आले नाहीत, तरी जोडी मोडते. एकदा मोडली की नव्या जोडीला चार महिन्यांची रांग.

टिकली लागली आणि उमेश स्वयंपाकघरात यायचा बंद झाला. सहा महिन्यांत नऊ किलो उतरलं, साखर ताळ्यावर आली. मी लाडू पुढं केला, तर म्हणायचा, "नको. खरंच नको. माझं झालंय." हे 'माझं झालंय' मला झोंबायचं.

एके दिवशी मी तणतणत केंद्रावर गेले. तिथं प्रांजल नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. तिला म्हटलं, "दाता घरचा चालतो ना? मग मला घ्या. मी महिन्याला चाळीस किलो लाडू वळते. माझ्यापेक्षा जास्त गोड कुणाच्या पोटात जातंय?"

तिनं मला टिकली लावली, माझाच लाडू माझ्या हातात दिला आणि पडद्याकडे बघत बसली. मी लाडू खाल्ला. तिनं दुसरा दिला. तोही खाल्ला. पडद्यावरची रेघ काही हलली नाही.

"काकू, तुम्ही खाताना काय विचार करत होता?" तिनं विचारलं.

"तूप अर्धा चमचा कमी आहे. आणि बेसन अजून मिनिटभर भाजायला हवं होतं."

"घरी कधी जेवता?"

"सगळ्यांचं झालं की. ओट्यापाशीच उरकते."

ती हळूच म्हणाली, "काकू, तुमचं पोट भरतं. पण वर बातमी जातच नाही. तुम्ही चव बघता, खात नाही."

मला त्या पोरीसमोर रडू फुटलं असतं. ते लपवायला मी विचारलं, "मग त्या बाईत काय असं मोठं आहे?"

"ते मला सांगता येणार नाही. पण जुळणी आम्ही मनानं करत नाही. काकांना सांगितलं होतं, तुम्हाला जे खाऊन सगळ्यांत बरं वाटतं ते घेऊन या. ते तुमचा बेसनाचा लाडू घेऊन आले. तो खाताना त्यांची जी रेघ उमटली, तिच्याशी सहाशे दात्यांमधून एकाच दात्याची जुळली."

दुसरी कुणी असती तर यातलं 'तुमचा लाडू' तेवढं धरून घरी आली असती. मी 'एकाच दात्याची जुळली' हे धरून आले. रिक्षात बसल्यावर मला ती बाई दिसायला लागली. बारीक कमरेची, तिशीतली, बोटं चाटत खाणारी.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी एक वाईट काम केलं. उमेश न्हाणीघरात असताना त्याची टिकली उचलली आणि डाळीच्या डब्यात खोल पुरली.

तीनपासून त्यानं घर उलटंपालटं केलं. उशा झाडल्या, शर्टांचे खिसे बाहेर काढले. मीही त्याच्याबरोबर शोधायचं नाटक केलं. चार वाजून पाच मिनिटांनी ताटलीत दोन लाडू घेऊन त्याच्यासमोर ठेवले. मनात म्हटलं, आज माझी पाळी. त्यानं ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चपला घालून निघून गेला. अर्ध्या तासानं आला तेव्हा दार उघडायच्या आधीच मला वास आला.

"ओढली एक," तो म्हणाला. "दहा महिन्यांनी. लाडू खाल्ला असता तर थांबलो नसतो, म्हणून बाहेर पडलो, आणि पाय पानपट्टीकडं वळले."

तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो स्वतःवरच चिडला होता. मी टिकली 'सापडली' म्हणून आणून दिली आणि त्यानं माझे आभार मानले.

शनिवारी सकाळी बेसन भाजताना माझं लक्ष शेगडीवर नव्हतं. खाली लागलं. करपल्याचा वास नाकात आला तरी मी ढवळत राहिले. असलं बेसन मी जन्मात वापरलेलं नाही, पण त्या दिवशी साखर-वेलदोडा घालून तसेच लाडू वळले. एक डबा देसाई वहिनींना गेला. सात लाडू इरावतीबाई घेऊन गेल्या.

शनिवारी चार-दहाला उमेशनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. "काही नाही आलं," तो म्हणाला. रविवारीही नाही. सोमवारी थोडंसं आल्यासारखं वाटलं आणि विझलं. "काय तरी बिनसलंय तिचं," तो म्हणाला. मंगळवारी केंद्राचा निरोप आला, की ठोके क्षीण आहेत, सात दिवस वाट बघू.

मला आधी आनंद झाला, हे लपवत नाही. बाईसाहेबांचं पोट बिघडलं असेल, बरं झालं, असं वाटलं. मग उमेशची बोटं दिसली. पेपरच्या कोपऱ्याची तो बारीक सुरळी करत होता, उलगडत होता, पुन्हा करत होता. पूर्वी ओठात सिगरेट धरायच्या आधी तो अशीच ती बोटांत फिरवायचा.

बुधवारी सकाळी देसाई वहिनींचा फोन आला. "वृषाली, या खेपेचे लाडू कडवट लागतायत गं. तुझ्या हातचे नाहीत वाटत." मी कानकोंडी झाले. तो डबा परत पाठवायला सांगितला आणि नवीन बेसन घेतलं. एवढ्या काळजीनं मी दिवाळीतही भाजत नाही. वहिनींचा डबा पोचवला. इरावतीबाईंनी तक्रार केली नव्हती, पण करपलेले लाडू त्यांच्याही घरात होतेच. सात लाडू डब्यात भरले आणि वाचनालयाकडे निघाले. निघताना उमेश गॅलरीत नव्हता. शर्ट बदलून कुठंतरी बाहेर गेला होता.

वाचनालयात पोचले तेव्हा चार वाजले होते. तिथं आता पुस्तकांपेक्षा ऐकायच्या खोल्या जास्त आहेत, त्यामुळं सगळं सामसूम. इरावतीबाई मागच्या छोट्या खोलीत टेबलापाशी होत्या.

"अहो वृषालीताई, तुम्ही इकडं कुठं?"

"शनिवारचे लाडू बिघडले होते. बदलून द्यायला आले."

"कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, इतकी वर्षं चांगलं देताय. एखादा आठवडा माणसाचा वाईट जातो." असं म्हणत त्यांनी सुटलेले केस वर घेतले आणि अंबाडा घातला. कानामागं टिकली होती.

मी खुर्चीचा हात धरला. "तुम्हालाही सिगरेट..."

त्या हसल्या. "छे. मी दाता आहे. सहा महिने झाले. कुणीतरी गृहस्थ आहेत, सिगरेट सोडतायत, एवढंच मला ठाऊक. चार-दहाची वेळ केंद्रानं ठरवून दिलीय. पण शनिवारपासून माझे ठोकेच जात नाहीयेत. मी खाते हो, पण लाडू कडवट, मन लागत नाही. पेढा खाऊन बघितला, चिक्की खाऊन बघितली. तसं होत नाही. आज पाचवा दिवस. त्या माणसाचं काय होत असेल, हाच घोर लागलाय."

शनिवार. चार-दहा. सहा महिने. बेसनाचा लाडू. मला आणखी काही विचारायची गरज नव्हती. ती बारीक कमरेची बाई डोक्यातून नाहीशी झाली, आणि तिच्या जागी ही आली, जिला मी दोन वर्षं दर शनिवारी माझ्या हातानं डबा भरून देत होते.

"वीस वर्षं एकटीच जेवते मी," इरावतीबाई सांगत होत्या. "पण हल्ली चार-दहाला कुणीतरी समोर बसलंय असं वाटतं. पहिला घास घेताना मनातल्या मनात म्हणते, घ्या."

मला इतका मत्सर वाटला की कानशिलं तापली. बावीस वर्षांत मी उमेशसमोर ताट वाढून घेऊन एकदाही बसले नव्हते. 'घ्या' म्हणायची, पण हातात उलथणं असायचं. आणि ही बाई माझाच लाडू पुढ्यात घेऊन माझ्या नवऱ्याला रोज घ्या म्हणत होती.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती. डबा माझ्या मांडीवर होता. चुकून दुसऱ्याचा डबा आणला, असं म्हणून उठता आलं असतं. दोन दिवस गेले असते, जोडी मोडली असती. रांगेतले चार महिने उमेश पुन्हा माझ्या मागं मागं फिरला असता, खांद्यावरून परातीत डोकावला असता. मी उठलेही. डबा छातीशी धरला. मग मला शुक्रवारचा त्याच्या शर्टाचा वास आठवला, आणि आत्ता तो घरी नाही, हेही आठवलं.

मी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. "आजचे आहेत. कोमट असतील अजून."

इरावतीबाईंनी टेबलावरचा पसारा बाजूला केला. धुतलेला रुमाल पसरला, त्यावर स्टीलची ताटली ठेवली, ताटलीत लाडू. पाण्याचा पेला उजवीकडं. चार-दहाला त्यांनी अंगठ्यानं लाडू फोडला आणि पहिला तुकडा तोंडात घातला. मग त्या जणू खोलीत नव्हत्याच. जबडा सावकाश हलत होता, डोळे मिटलेले होते, दुसऱ्या तुकड्याची घाई नव्हती. माझ्या लाडवात एवढं काही असतं, हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं. आता मला उमेशवरून मत्सर वाटत नव्हता. इरावतीबाईंना जसं खाता येत होतं, त्याचा हेवा वाटत होता.

संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. "गेलं," त्या म्हणाल्या. "आज गेलं. तुम्हीही घ्या एक."

"करतानाच खाल्लाय."

"तो चव बघायला. आता खायला घ्या. बसा."

मी बसले. लाडू तोंडात घातला आणि म्हणाले, "वेलदोडा जरा..."

"गप्प खा हो," इरावतीबाई म्हणाल्या. मी गप्प खाल्ला.

घरी आले तेव्हा उमेश जेवणाच्या टेबलापाशी बसला होता. त्याच्यासमोर एक अख्खी सिगरेट होती.

"पानपट्टीवर उभा होतो," तो म्हणाला. "ओठात धरली होती. काडी ओढणार, तेवढ्यात आलं. इतकं आलं की तिथंच बाकड्यावर बसलो मी. पानपट्टीवाला विचारतोय, साहेब, बरं वाटत नाही काय?" तो हसला. मग सिगरेट मोडून त्यानं तिचा चुरा केला. "लई मनापासून खाल्लं बघ आज तिनं. सुखी असणार बाई."

"असेल," मी म्हणाले.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. सांगितलं की ओळख पटली, ओळख पटली की जोडी मोडली, आणि जोडी मोडली की तो पानपट्टीवर. इरावतीबाईंनाही सांगितलेलं नाही. ज्या तृप्तीसाठी तो शर्ट बदलतो ती माझ्याच परातीतून जाते, हे त्याला कधी कळणार नाही, आणि ते मला रोज टोचतं.

पुढच्या शनिवारी सकाळी इरावतीबाई आल्या, डबा उघडून मोजू लागल्या आणि थांबल्या. "आठ?"

"आठवा माझा. शनिवारी दुपारी मी येत जाईन तुमच्याकडं. चालेल?"

"या की," त्या म्हणाल्या. "दुसरी ताटली आणून ठेवते."

तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता मी वाचनालयात असते. उमेशला वाटतं, मी डबा पोचवायला जाते. टेबलावर दोन ताटल्या असतात. इरावतीबाई टिकली चाचपतात, घड्याळाकडे बघतात आणि लाडू फोडतात. माझा मात्र त्याआधीच फोडलेला असतो. त्यांनी मनातल्या मनात म्हणायच्या आधी मी पहिला घास घेते आणि म्हणून टाकते, "अहो, घ्या."